क्वेलिनचं हलकं पाणी

ब्रिटनमधल्या वेल्सच्या स्नोडन डोंगराच्या पश्चिम पायथ्याशी क्वेलिन हे तळं आहे. त्याच्या वरच्या अंगाला रीद-दी हे छोटंसं गाव. ग्विर्वाई नदी या गावावरून तळ्यात उतरते, तळ्यातून बाहेर पडते आणि बेतुस गार्मन, वाउनवाउर अशी गावं मागे टाकत कार्नार्वनजवळ समुद्राला मिळते. इथे पाऊस उदंड, पण खाली पाटीचा दगड आणि जुना ज्वालामुखी खडक. दोन्हींत चुना नावापुरताच. त्यामुळे पाणी जसं पडतं जवळजवळ तसंच तळ्यात जमतं, म्हणजे अगदी हलकं. आपल्या पाठ्यपुस्तकातला ‘सुफेन’ हा शब्द इथे तंतोतंत बसतो: साबण लावला की फेस धुऊन जाता जात नाही.

सगळं वेल्स असंच आहे, हे मात्र खरं नाही. दक्षिणेतला ग्लॅमॉर्गनचा सखल भाग आणि ईशान्येकडचं फ्लिंटशर इथे चुनखडीचे थर आहेत. तिथल्या किटलीत पांढरा थर धरतो.

पाण्याचा कठीणपणा, म्हणजे त्यात विरघळलेला चुना, मोजायचं जुनं माप ॲबर्डीनच्या थॉमस क्लार्क या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाच्या नावाने आहे. चुन्याची निवळी घालून पाणी मऊ करण्याच्या पद्धतीचं पेटंट त्याने 1841 मध्ये घेतलं. एक क्लार्क अंश म्हणजे लिटरला 14.3 मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट. जर्मन अंश 17.8 चा, फ्रेंच 10 चा. घोळ होतो तो वेगळ्याच ठिकाणी. पाणी कंपनीच्या तक्त्यात कधी नुसतं कॅल्शियम दिलेलं असतं, कधी कॅल्शियम कार्बोनेट. पहिल्याला 2.5 ने गुणल्याशिवाय दुसरं मिळत नाही. लिटरला 10 मिलिग्रॅम कॅल्शियम असेल तर कठीणपणा 25, म्हणजे 1.4 जर्मन अंश. भांडी धुण्याच्या यंत्रात हा आकडा भरायचा असतो. क्वेलिनच्या पाण्याला यंत्रातल्या पाणी मऊ करणाऱ्या मिठाचं सेटिंग सर्वांत खालचं ठेवायचं आणि पावडरही कमी टाकायची. डोस जास्त झाला की काचेचे पेले कायमचे धुरकट होतात. लोक तो क्षार समजून व्हिनेगरने घासत बसतात. पण काचच खरवडली गेलेली असते, ती पूर्ववत होत नाही. अशा घराला पाणी मऊ करणारं यंत्र विकणारा विक्रेता सरळ फसवतोय, असं समजावं.

हलक्या पाण्याची खरी किंमत पाइपात मोजावी लागते. अशा पाण्याची क्षारता कमी असते, सामू (pH) सहज घसरतो आणि आतून थर धरत नसल्यामुळे धातू उघडाच राहतो. तांब्याच्या नळाखाली बेसिनवर निळसर-हिरवा डाग दिसतो तो त्यामुळेच. शिसं विरघळलेलं मात्र दिसत नाही, चवीलाही लागत नाही. माळरानावरच्या आम्ल पाण्याने शिशाची विषबाधा होते, हे इंग्लंडमध्ये शेफील्डला 1880 च्या दशकातच कळलं होतं. तरीही ब्रिटनभर घरांना शिशाची नळी जोडणं जवळपास 1970 पर्यंत चालूच राहिलं. वाकवायला सोपी, जोडायला सोपी!

खेड्यांत नळ आले तेच उशिरा. वेल्समधलं व्हर्नवी धरण लिव्हरपूलसाठी 1880 च्या दशकात बांधलं, एलान खोऱ्याचं पाणी 1904 मध्ये बर्मिंगहॅमकडे निघालं, पण खुद्द वेल्सच्या वाड्यावस्त्या झऱ्यावर आणि विहिरीवरच होत्या. 1944 च्या ग्रामीण पाणीपुरवठा कायद्याने अनुदान मिळू लागलं, तेव्हा कामाला वेग आला.

शिशाची मर्यादा लिटरला 50 मायक्रोग्रॅम होती. डिसेंबर 2003 मध्ये ती 25 झाली आणि डिसेंबर 2013 पासून 10 आहे. शुद्धीकरण केंद्रात पाण्याचा सामू वाढवतात आणि ऑर्थोफॉस्फेट घालतात, लिटरला साधारण 1 मिलिग्रॅम फॉस्फरस. काही महिन्यांत नळीच्या आत शिसे-फॉस्फेटचा न विरघळणारा लेप बसतो. लेप बसला तरी नळी शिशाचीच राहते. रस्त्यापासून घराच्या हद्दीवरच्या, पाणी बंद करायच्या नळापर्यंतचा तुकडा कंपनीचा, पुढचा घरमालकाचा. कंपनीने आपला तुकडा बदलला आणि मालकाने तसाच ठेवला, तर कापाकापीने जुना लेप सुटतो आणि काही काळ शिसं उलट वाढतं. तांबं थेट शिशाला जोडलं तर गंज आणखी वेगाने चढतो.

ओळखायला सोपं आहे. ओट्याखाली, पाणी घरात शिरतं तिथली नळी नाण्याने हलकेच खरवडा. मळकट करड्या रंगाखाली चांदीसारखी चकाकी दिसली, नळी मऊ लागली आणि ठोकल्यावर बद्द वाजली, तर ते शिसं. 12 मिलिमीटर आतल्या व्यासाच्या नळीत मीटरमागे 0.11 लिटर पाणी मावतं. 20 मीटरच्या नळीत सव्वादोन लिटरच्या आसपास. रात्रभर साचलेलं तेवढं पाणी, शिवाय घरातल्या नळ्यांतलं, सकाळी आधी सोडून द्यायचं. एक छोटी बादली पुरते, आणि ती कुंड्यांना घालता येते.

क्वेलिनचं नाव देशभर झालं ते मात्र 2005 च्या शरदात. क्रिप्टोस्पोरिडियम या जुलाब आणणाऱ्या परजीवीची 231 जणांना लागण झाल्याचं तपासणीत आढळलं आणि त्यांचा धागा या तळ्याच्या पाण्यापर्यंत पोचला. साठ हजारांहून अधिक लोकांना सुमारे दोन महिने पाणी उकळून प्यावं लागलं. या परजीवीचं कवच क्लोरीनला दाद देत नाही आणि आकार असतो 4 ते 6 मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग), त्यामुळे केंद्रातली गाळणी कमी पडली. प्रकार माणसात आढळणारा होता, म्हणजे संशय मेंढ्यांपेक्षा तळ्याच्या वरच्या बाजूच्या सांडपाण्यावर जात होता. त्यानंतर तिथे अतिनील किरणांची यंत्रणा बसवली.

अजूनही कित्येक डोंगरी घरं स्वतःच्या झऱ्यावर आहेत. वेल्सच्या 2017 च्या नियमांनुसार एकट्या घराची तपासणी स्थानिक परिषद मागणी केल्यावर करते. अशा घरात आधी 5 मायक्रॉनची गाळणी, मग अतिनील दिवा असतो. दिवा पेटलेला दिसला तरी वर्षाने बदलावा लागतो आणि पाणी पीटच्या, म्हणजे दलदलीत कुजलेल्या वनस्पतींच्या मातीने तपकिरी झालं असेल तर किरण आत शिरतच नाहीत. सामू वाढवायला चुनखडीच्या बारीक खड्यांची टाकी बसवतात. पाणी त्यातून जाताना थोडा चुना उचलतं, थोडं कठीण होतं. खडे झिजतात, म्हणून अधूनमधून झाकण उघडून भर घालावी लागते.