सालीची कनू आणि कातड्याची कयाक: दिसायला सारख्या, पण बांधायचा क्रम नेमका उलटा

मालवणला किंवा गोव्याला खाडीत ज्या रंगीत प्लास्टिकच्या होड्या भाड्याने मिळतात त्यांना आपण सरसकट कयाक म्हणतो, आणि कॅनडाच्या एखाद्या तलावातल्या फोटोत तशीच लांबट निमुळती होडी दिसली की तिलाही कयाकच म्हणून मोकळे होतो. ती बहुतेक वेळा कनू असते. मग कोणीतरी कमेंटमध्ये फरक सांगतं की कनू वरून उघडी, गुडघ्यांवर बसायचं आणि एका पात्याचं वल्हं मारायचं, तर कयाक वरून झाकलेली, पाय पुढे लांब करून बसायचं आणि दोन्ही टोकांना पाती असलेलं वल्हं. ऑलिंपिकमध्ये सी-१ आणि के-१ अशा वेगळ्या शर्यती असतात त्या याच फरकावर.

हे बरोबरच आहे, पण एवढ्यावर थांबलं तर खरी गोष्ट हातातून निसटते. आर्क्टिकमधल्या इनुइट लोकांची मोठी होडी, उमियाक, वरून पूर्ण उघडी असते, तरी ती कयाकचीच सख्खी बहीण. उलट अलास्का-युकॉनच्या बाजूला तिथल्या मूळच्या अथाबास्कन लोकांच्या बर्च झाडाच्या सालीच्या काही कनू इतक्या अरुंद असतात, आणि पुढच्या टोकावर सालीचं झाकणसुद्धा असतं, की लांबून बघणारा कयाकच म्हणेल. त्यामुळे झाकण आणि वल्हं बघून नातं कळत नाही. कळायचं असेल तर एकच प्रश्न विचारायचा, बांधताना आधी काय केलं, बाहेरचं आवरण की आतला सांगाडा? सालीच्या कनूत आवरण आधी येतं आणि सांगाडा मागून आत घुसवला जातो, कयाकमध्ये सांगाडा आधी पूर्ण उभा राहतो आणि कातडं सगळ्यात शेवटी चढतं. बाकीचे बरेचसे फरक इथूनच निघतात असं माझं ठाम मत आहे.

आता हे असं का, तर जमीन काय देते त्यावरून. पूर्व कॅनडा आणि ग्रेट लेक्सच्या भोवतालच्या जंगलात पेपर बर्च नावाचं झाड आहे, आपल्या हिमालयातल्या भूर्जाच्याच कुळातलं, ज्याच्या सालीवर आपल्याकडे पोथ्या लिहिल्या गेल्या. ही साल पाणी आत घेत नाही, कुजत नाही, वाकवली तर वाकते आणि जाड झाडाची असेल तर अख्खा मोठा पत्रा एका तुकड्यात निघतो. अल्गोंक्विन, ओजिब्वे, क्री, अतिकामेक्व, मिग्माक, पेनॉब्स्कॉट, अशा कितीतरी लोकांनी यातून होड्या केल्या आणि प्रत्येकाच्या टोकांचा आकार वेगळा, जाणकार माणूस नुसत्या टोकाच्या वळणावरून ही कोणाची ते ओळखतो. आर्क्टिकच्या किनाऱ्यावर मात्र होडीला पुरेल असं झाडच नाही. तिथे लाकूड मिळतं ते नद्यांनी समुद्रात सोडलेलं आणि लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकलेलं, ग्रीनलंडला तर सायबेरियाच्या नद्यांमधलं लाकूड बर्फाबरोबर वाहत येतं. म्हणजे मोठा पत्रा कुठेच नाही, पण लाकडाचे तुकडे आहेत आणि सीलची कातडी आहेत. मग तुकडे जोडून सांगाडा करा आणि त्यावर कातडं शिवा, दुसरा मार्गच नाही.

कनूचं काम सालीपासून सुरू होतं आणि अर्धं यश तिथेच ठरतं. सरळ, फांद्या नसलेलं, जाड झाड शोधायचं, साल वाकवून बघायची, तडकली तर ते झाड सोडून द्यायचं. उन्हाळ्याच्या सुरुवातीला झाडात रस वर चढतो तेव्हा एक उभी चीर दिली की साल सहज सुटून येते. थंडीतली साल काढायला त्रास, पण तिच्या आतल्या बाजूला गडद तपकिरी थर राहतो, तो ओला करून खरवडला की नक्षी उमटते, म्हणून ती जास्त मानाची. आणि इथे बहुतेकांना धक्का बसतो, झाडाची पांढरी बाजू होडीत आतल्या अंगाला जाते, बाहेर येते ती आतली पिवळसर-तपकिरी बाजू. चित्रांमध्ये पांढरीशुभ्र कनू दाखवतात ती पद्धत नव्हे.

सपाट केलेल्या जमिनीवर साल पसरायची, वर लाकडी चौकट ठेवायची, तिच्यावर भलेमोठे दगड, आणि मग चौकटीच्या बाहेर राहिलेली साल गरम पाणी ओतत ओतत वर वळवायची आणि बाजूने खुंट्या ठोकून उभी धरायची. साल कापडासारखी ताणत नाही, त्यामुळे कडेला ठराविक अंतरावर काप द्यावे लागतात आणि त्या कडा एकमेकींवर आणून शिवाव्या लागतात. मध्ये रुंदी कमी पडते तिथे बाजूला जादा तुकडे जोडायचे. शिवायला धागा म्हणजे काळ्या स्प्रूस या सूचिपर्णी झाडाची मुळं. जमिनीखालून लांबच लांब ओढून काढायची, सोलायची, मधोमध दोन भाग करायचे आणि वापरेपर्यंत पाण्यात भिजत ठेवायची. आरीने, म्हणजे चांभाराच्या टोच्यासारख्या हत्याराने, भोक पाडायचं आणि मूळ ओवायचं. सालीचे धागे एकाच दिशेने जातात आणि त्याच दिशेने ती फाटते, म्हणून भोकं एका रेषेत येऊ देत नाहीत, एक टाका लांब, पुढचा आखूड असं ठेवतात. हे बघितलं की कळतं की ज्या कुणी हे पहिल्यांदा ठरवलं त्याने आधी कितीतरी साली फाटताना बघितल्या असणार.

लाकूड सगळं व्हाइट सीडरचं, आडवे दांडे तेवढे मेपलसारख्या टणक लाकडाचे. आणि करवत नाही! ओंडका पाचरी ठोकून फोडायचा, मग ते फोड पुन्हा अर्धे, पुन्हा अर्धे, कारण फोडलेलं लाकूड स्वतःच्या रेषेतून सुटतं आणि वाकवलं तर तुटत नाही, करवत मात्र रेषा मध्येच कापते. नंतर वाकड्या चाकूने साफ करायचं. हा चाकू एका हातात धरून स्वतःकडे ओढत चालवतात, पाती बरेचदा जुन्या कानशीपासून केलेली, आणि दुसऱ्या हाताने लाकूड पायावर धरलेलं, म्हणजे शिकंजा वगैरे काही लागत नाही, कुऱ्हाड, हा चाकू, आरी आणि मोगरी एवढ्यावर होडी होते.

काठाच्या पट्ट्या सालीला मुळांनी आवळून बांधल्या की एक ढिली, पोकळ, पिशवीवजा वस्तू तयार असते. होडी नाही अजून. आता आत सीडरच्या पातळ पट्ट्यांचं अस्तर लावायचं आणि त्यावर फासळ्या. फासळ्या उकळत्या पाण्यात मऊ करून जोडीजोडीने गुडघ्यावर वाकवलेल्या, आतच वाळवून आकार धरलेल्या. टोकाकडून मध्याकडे एकेक फासळी तिरकी आत घालायची आणि लाकडी ठोकळ्यावर मोगरीने हळूहळू ठोकत उभी करायची, ठोकताना आवाजावर कान ठेवायचा, कारण जरा जास्त झालं तर साल फाटते आणि सगळी मेहनत गेली. खिळा एकही नाही. चाळीस-पन्नास फासळ्यांचा बाहेरचा दाब आणि सालीचा आतला ताण, एकमेकांना धरून ठेवतात, तेवढ्यावर होडीला आकार येतो. मला या अख्ख्या कामात हा टप्पा सगळ्यात सुंदर वाटतो.

शेवटी सांधे बुजवायचे. स्प्रूसची राळ वितळवून त्यात प्राण्याची चरबी, कधी कोळशाची पूड. चरबी कमी पडली तर थंड पाण्यात राळ तडकते, जास्त झाली तर उन्हात वितळून वाहते, म्हणून सालीच्या तुकड्यावर लावून तो थंड पाण्यात बुडवून वाकवतात, मग बोटाने दाबून बघतात आणि प्रमाण सुधारतात, अगदी लाडवाचा पाक बघावा तसं.

कयाककडे आलं की सगळं उलटं. इथे आधी काठाच्या दोन लांब पट्ट्या, त्यांना खाचा पाडून वरचे आडवे दांडे बसवायचे, मग काठाच्या खालच्या बाजूला भोकं पाडून त्यात वाकवलेल्या फासळ्यांची टोकं, आणि खालून लांब पट्ट्या बांधत जायच्या. जोड लाकडी खुंट्यांचे आणि बांधणी चामड्याच्या वादीची किंवा कंडरांच्या (प्राण्याचे स्नायू हाडांना जोडणाऱ्या तंतूंच्या) धाग्याची, त्यामुळे लाटेत सांगाडा किंचित वाकतो आणि परत येतो. मापं फूटपट्टीची नाहीत, चालवणाऱ्याच्या अंगाची, लांबी त्याच्या उंचीच्या तिप्पट, रुंदी कमरेपेक्षा थोडी जास्त, खोली मुठीवर आणि अंगठ्यावर मोजलेली, गावागावाची रीत वेगळी. म्हणजे एकाची कयाक दुसऱ्याला नीट बसेलच असं नाही. कनूचं तसं नाही, ती घरातली माणसं, सामान, शिकार, सगळ्यांसाठी. फरच्या व्यापारात माँट्रियलहून निघणाऱ्या सालीच्या कनू सुमारे ११ मीटर लांब असायच्या आणि त्यात तीन टनांच्या आसपास माल जायचा.

कयाकमधलं सगळ्यात बारीक काम सुईचं, आणि ते परंपरेने बायकांचं. सीलची कातडी साफ करून ओलीच सांगाड्यावर ओढायची आणि शिवायची. सुई कातड्याच्या आरपार जाऊच द्यायची नाही, जाडीच्या अर्ध्यातून शिरून अर्ध्यातूनच बाहेर काढायची, म्हणजे पाण्याला आत यायला भोकच उरत नाही, वर कंडरांचा धागा भिजून फुगतो आणि शिवण आणखी घट्ट होते. कातडं वाळलं की आक्रसतं आणि सांगाड्यावर ताठ बसतं. म्हणजे ताण दोन्हीकडे आहे, पण कनूत तो आतून ठोकून आणलेला आणि कयाकमध्ये बाहेरून आवळून आलेला. पुरुषांनी सांगाडा केला एवढंच जे लिहितात ते अर्धीच होडी सांगतात असं मला वाटतं, कारण थंडगार समुद्रात शिवण सुटली तर माणूस परत येत नाही.

वापरताना पण हा फरक पदोपदी दिसतो. साल दगडावर घासली तर फाटते, म्हणून कनू किनाऱ्यावर ओढायची नाही, पाण्यात उभं राहूनच सामान भरायचं-उतरवायचं. फाटलीच तर औषध त्याच जंगलात, मूळ काढा, राळ वितळवा, रात्री मुक्कामावर दुरुस्त. दोन नद्यांच्या मधला रस्ता आला की उलटी करून खांद्यावर घ्यायची, पंधरा-सोळा फुटांची असेल तर एकटा माणूस नेतो. कातडं मात्र सतत पाण्यात राहिलं की मऊ पडतं, सडतं, म्हणून वाळवायचं, तेल-चरबी लावायची आणि ठराविक काळाने बदलायचं. सांगाडा तोच, कातडं नवं. कनूत असं करता येत नाही, साल गेली म्हणजे होडीच गेली.

आपल्याकडच्या काथ्याने शिवलेल्या जहाजांची गोष्ट यात कुठे बसते असा प्रश्न पडेल. अजिंठ्याच्या लेण्यातल्या जहाजाच्या चित्रावरून गोव्यात केरळच्या कारागिरांनी 'कौंडिण्य' बांधलं, मे २०२५ मध्ये कारवारला ते नौदलात आलं, त्यात सुद्धा आधी फळ्या काथ्याने शिवून बाहेरचं कवच उभं केलं आणि फासळ्या नंतर. सामान पूर्ण वेगळं, समुद्र वेगळा, एकमेकांशी संबंध काही नाही, पण क्रमाच्या हिशोबाने ते कनूच्या बाजूला येतं.

एक गंमत क्रमाची अजून आहे. १९व्या शतकाच्या शेवटी अमेरिकेच्या मेन राज्यात सालीच्या जागी कॅनव्हास आला, आणि होडीचा आकार अगदी सालीच्या कनूसारखाच ठेवला, पण कॅनव्हास स्वतः उभा राहत नाही ना, म्हणून आधी लाकडी साचा, साच्यावर वाफवलेल्या फासळ्या, त्यावर फळ्या, आणि कॅनव्हास सगळ्यात शेवटी. दिसते कनू, बांधली कयाकच्या क्रमाने. कयाकच्या सांगाड्यावर आज नायलॉन चढवणारे बरेच आहेत आणि त्यांना क्रम बदलावा लागला नाही.

सालीची कनू बांधणारे आता थोडे आहेत, पण आहेत. क्वेबेकमधल्या किटिगन झिबीचे अल्गोंक्विन ज्येष्ठ विल्यम कमांडा २०११ मध्ये गेले, ते या कामासाठी ओळखले जायचे. विस्कॉन्सिनच्या लॅक दु फ्लॅम्बोचे ओजिब्वे कारागीर वेन व्हॅलिएर नव्या पिढीला शिकवतात आणि त्यांना २०२० मध्ये अमेरिकेची नॅशनल हेरिटेज फेलोशिप मिळाली. टोरंटोकडे राहणाऱ्या मराठी लोकांना पीटरबरोचं कॅनेडियन कनू म्युझियम काही लांब नाही, २०२४ मध्ये ते नव्या इमारतीत गेलंय आणि तिथे सालीच्या कनू आणि कातड्याच्या कयाक दोन्ही बघायला मिळतात. गेलात तर वल्हं सोडा, आधी काठाजवळ वाका आणि फासळीचं टोक कुठे गेलंय ते बघा, काठाच्या पट्टीतल्या भोकात खोचलेलं असेल तर सांगाडा आधी उभा राहिला, आणि पट्टीच्या मागे सालीला आतून रेटून बसलं असेल तर साल आधी होती.