पट्टी दिसली म्हणजे प्रथिन सापडले असे नाही

करोनाच्या साथीत पुण्यात ‘प्रतिपिंड’ हा शब्द घरोघरी पोहोचला, पण तो केवळ आजाराशी लढणारा शिपाई म्हणून. आणि त्याच समजुतीच्या आधारे, प्रतिकारशक्ती वाढवण्याचा दावा करणारे काढे पुराव्याशिवाय विकले गेले. प्रत्यक्षात प्रतिपिंडाचा मूळ गुण म्हणजे विशिष्ट आकार ओळखून त्याला घट्ट चिकटणे, मग तो आकार विषाणूचा असो की पानातल्या प्रथिनाचा.

ॲराबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या रोपाचा जीनोम (संपूर्ण जनुकीय आराखडा) २००० साली आणि भाताचा २००५ साली प्रसिद्ध झाला, तरी त्यांतल्या अनेक जनुकांपुढे आजही ‘कार्य अज्ञात’ अशीच नोंद आहे. अशा जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनाचा केवळ अमिनो आम्लांचा, म्हणजे त्याच्या घटकांचा, क्रम हाती असतो. ते प्रथिन रोपात शोधायचे, तर त्याला चिकटणारा प्रतिपिंड आधी तयार करावा लागतो. त्यातला पंधराएक आम्लांचा तुकडा कृत्रिमरीत्या बनवतात, लिंपेट या शंखवर्गीय समुद्री प्राण्याच्या रक्तातील मोठ्या प्रथिनाला जोडतात आणि सशाला टोचतात, कारण नुसत्या लहान तुकड्याची दखल सशाचे शरीर सहसा घेत नाही. काही आठवड्यांनी त्याच्या रक्तातून प्रतिपिंडयुक्त सिरम, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणारा द्रव, मिळते.

पानाचा अर्क काढणे मात्र सोपे नाही. चिरलेले वांगे पाण्यात टाकले नाही तर काळे पडते, ते ज्या फिनॉल रसायनांमुळे, तीच पान वाटतानाही मोकळी होऊन प्रथिनांना चिकटतात. म्हणून पान द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून कुटतात. शिवाय पानातल्या विद्राव्य प्रथिनांपैकी निम्म्यापर्यंत वाटा एकट्या रुबिस्कोचा, म्हणजे हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडणाऱ्या प्रथिनाचा, असू शकतो, आणि त्या गर्दीत दुर्मीळ प्रथिन झाकले जाते. हा अर्क जेल या जेलीसारख्या थरातून विजेच्या साहाय्याने आकारमानानुसार वेगळा करून पातळ पडद्यावर उतरवतात. त्यावर सिरम घातले की प्रतिपिंड जिथे चिकटतो तिथे, पुढच्या रासायनिक प्रक्रियेनंतर, पट्टी दिसते.

पण ही पट्टी आपल्याच प्रथिनाची कशावरून? तुकडा टोचण्याआधीच सशाच्या रक्तात वनस्पतींच्या प्रथिनांना चिकटणारे प्रतिपिंड असू शकतात, म्हणून आधीचे रक्तही तपासावे लागते. मला या साऱ्या पद्धतीत सर्वांत मोलाची वाटते ती यापुढची कसोटी: ते जनुकच निकामी केलेले रोप घ्यायचे आणि त्याच्या पानांचा अर्क जेलच्या शेजारच्या रकान्यात भरायचा. तिथली पट्टी नाहीशी झाली, तर प्रतिपिंडावर विश्वास ठेवून ते प्रथिन मुळांमध्ये आहे की फुलात, उन्हात वाढते की दुष्काळात, हे विचारता येते. तिथेही ती तशीच उमटली, तर कित्येक महिने खर्चून मिळवलेले सिरम बाजूला ठेवून प्रथिनाचा दुसरा तुकडा निवडावा लागतो.