राज्यांचे 41 टक्के: केंद्राचा कर वेगळा, सेस-सरचार्ज वेगळा

‘केंद्राने गोळा केलेल्या प्रत्येक रुपयातले 41 पैसे राज्यांना मिळतात’ हे वाक्य अर्थसंकल्पाच्या दिवशी हमखास कानावर पडतं. भलेभले अभ्यासकही ते बिनदिक्कत ठोकून देतात. घोळ एकाच जागी आहे: कर आणि त्यावर चढवलेला सेस किंवा सरचार्ज यांना एकाच गाठोड्यात बांधलं जातं.

कराबद्दल फार सांगायला नको. प्राप्तिकर, कंपनी कर, सीमाशुल्क, उत्पादन शुल्क, केंद्राचा जीएसटी. 2000 सालच्या 80व्या घटनादुरुस्तीनंतर हे सगळे राज्यांबरोबर वाटून घ्यावे लागतात. प्रमाण दर पाच वर्षांनी नेमला जाणारा वित्त आयोग सुचवतो. चौदाव्या आयोगाने 32 टक्क्यांवरून एकदम 42 केलं, तर जम्मू-काश्मीर केंद्रशासित झाल्यामुळे पंधराव्याने 41.

सेस म्हणजे उपकर, तो ठरावीक कामासाठी असतो. सरचार्ज म्हणजे अधिभार, तो कशावरही खर्चता येतो. यातला फरक एवढा कळला तरी पुरे. खरी मेख पुढे आहे: घटनेच्या 270 आणि 271 या कलमांनुसार दोन्ही वाटपाच्या बाहेर राहतात. 41 टक्के मोजायचे ते दोन्ही वगळून, वसुलीचा खर्चही वजा करून उरलेल्या रकमेवर.

आकडे मांडून बघा. 2025-26 साली नव्या करप्रणालीत 64 लाख करपात्र उत्पन्नावर मूळ कर 15 लाख होतो. त्यावर 10 टक्के सरचार्ज, म्हणजे दीड लाख. मग या साडेसोळा लाखांवर 4 टक्के आरोग्य आणि शिक्षण सेस, म्हणजे 66 हजार. भरणाऱ्याच्या खिशातून 17 लाख 16 हजार गेले. वाटपात आले फक्त 15 लाख. वसुलीचा खर्च सोडून दिला तरी राज्यांचे होतात 6 लाख 15 हजार. एकूण रकमेच्या 36 टक्क्यांनाही थोडे कमीच.

पेट्रोलमध्ये हे आणखी ठळक दिसतं. फेब्रुवारी 2021 च्या अर्थसंकल्पाआधी लिटरमागे केंद्राचा बोजा 32.98 रुपये होता, नंतर 32.90 झाला. पंपावर कुणाला पत्ताही लागला नाही. आत मात्र मूळ उत्पादन शुल्क 2.98 वरून 1.40 वर आलं, विशेष अतिरिक्त शुल्क (हाच सरचार्ज) 12 वरून 11 वर आणि कृषी पायाभूत सुविधांसाठी अडीच रुपयांचा नवा सेस बसला. रस्ते सेस 18 रुपये होता, तो तसाच राहिला. तेव्हा वाटपात आले ते फक्त 1.40. म्हणजे जवळपास 33 रुपयांतून सगळ्या राज्यांना मिळून 57 पैसे, आणि पंधराव्या आयोगाने ठरवलेल्या 6.317 टक्के हिश्शाने महाराष्ट्राला साडेतीन पैशांच्या आसपास. राज्याचा स्वतःचा व्हॅट यात नाही, तो वेगळा.

उलट बाजूची, म्हणजे राज्यांची ओरडही तितकीच चुकीची असते. नोव्हेंबर 2021 आणि मे 2022 मध्ये केंद्राने पेट्रोलवर अनुक्रमे 5 आणि 8 रुपये कमी केले, ते रस्ते सेसमधून. ‘आमचा केंद्रीय करातला वाटा बुडाला’ म्हणायला त्यात जागाच नव्हती. टक्केवारीने लागणारा व्हॅट तेवढा घटला. जीएसटी भरपाई सेसलाही ही ओरड लागू नाही, कारण तो जीएसटीमुळे राज्यांचा बुडालेला महसूल भरून देण्यासाठीच होता. (मुंबईतल्या ‘उपकरप्राप्त’ इमारतींचा उपकर राज्याच्या कायद्यातला. कृपा करून तो इथे आणू नका.)

‘सेस घेतला म्हणजे त्या कामाला लागला’ हाही भाबडा समज. सेस आधी भारताच्या संचित निधीत, म्हणजे केंद्राच्या मुख्य तिजोरीत जमा होतो. तिथून संसदेच्या मंजुरीने राखीव निधीत वळवला तरच तो त्या कामासाठी बाजूला पडतो. 2018-19 साली 35 सेसमधून सुमारे 2.75 लाख कोटी रुपये आले आणि त्यातले 1.64 लाख कोटीच राखीव निधींत गेले, असं सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगने नोंदवलं आहे.

यावर ठरलेलं उत्तर येतं: सेसचे पैसे योजनांतून राज्यांकडेच जातात ना? जातात, पण केंद्राच्या अटींवर. वाट्याचा पैसा राज्य पोलिसांच्या पगाराला, धरणाला, कर्जफेडीला, कशालाही वापरू शकतं. शालेय शिक्षणाच्या समग्र शिक्षासारख्या योजनेत बहुतेक राज्यांना स्वतःचे 40 टक्के घालावे लागतात, नियमावली दिल्लीची पाळावी लागते, आणि मतभेद झाला तर हप्ता अडकतो. तमिळनाडूने पीएम श्री शाळा या केंद्राच्या दुसऱ्या योजनेच्या करारावर सही केली नाही. 2024-25 चा समग्र शिक्षाचा केंद्रीय हिस्सा थांबला आणि राज्याला सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं. वाट्यातून मिळणाऱ्या रकमेला असल्या सहीची गरज लागत नाही.