नैनीतालचा वणवा आणि हजार मीटरची रेघ

२०२४च्या एप्रिलअखेरीस नैनीतालजवळच्या जंगलातली आग भवाली रस्त्यावरच्या ‘पाइन्स’ वस्तीत आणि उच्च न्यायालयाच्या कर्मचारी वसाहतीच्या तोंडाशी आली. तलावातल्या होड्या थांबल्या आणि हवाई दलाचे एमआय-१७ हेलिकॉप्टर भीमतालातून पाणी उचलून डोंगरावर ओतू लागले. मे महिन्याच्या सहलीचे पैसे आधीच भरून बसलेल्या पुण्या-मुंबईच्या घरांतही ती दृश्ये पाहिली गेली. पंधरवड्याने सर्वोच्च न्यायालयात उत्तराखंड राज्याने हिशेब दिला: आदल्या नोव्हेंबरपासून ३९८ आगी, सगळ्या मानवनिर्मित, गुन्हे ३५०, त्यांत नावानिशी आरोपी ६२.

मराठीत वणवा लागतो किंवा कोणीतरी लावतो. ‘मानवनिर्मित’ या सरकारी शब्दात हा फरकच पुसला जातो. बांधावरचा पाला पेटवणारा शेतकरी, रस्त्याकडेला विडी टाकणारा प्रवासी, कोवळ्या गवतासाठी काडी लावणारा गुराखी आणि मुद्दाम जंगल पेटवणारा माणूस, सगळे एकाच रकान्यात. गुन्ह्यांचा आणि नावांचा आकडा शेजारी ठेवला की दिसते, बहुतेक तक्रारी अज्ञातांवरच आहेत. आग कोणी लावली यावर इतकी चर्चा होते की ती इतकी का पसरली, हे मागे पडते. इथे ते दुसरेच पाहायचे आहे.

जुना भाग थोडक्यात. १८१५मध्ये नैनीताल ज्यात येते तो कुमाऊं प्रदेश इंग्रजांकडे गेला, १८९३मध्ये गावांच्या मोजणीबाहेरची पडीक जमीन ‘संरक्षित जंगल’ ठरली आणि १९११ ते १९१७च्या दरम्यान त्यातला फार मोठा भाग राखीव झाला. चराई, पाला, लाकूड यांवर बंधने आली आणि उन्हाळ्याआधी गवत जाळण्याची रीत गुन्हा ठरली. १९२१च्या जानेवारीत बागेश्वरच्या उत्तरायणी जत्रेत लोकांनी वेठबिगारीची रजिस्टरे शरयूत बुडवली आणि त्याच उन्हाळ्यात राखीव जंगले पेटली. ती आग लावलेलीच होती, हे कोणी लपवलेही नाही. सरकारने चौकशी समिती नेमली, काही जंगल मोकळे केले आणि १९३१मध्ये वनपंचायतींचे, म्हणजे गावाने जंगल सांभाळायच्या व्यवस्थेचे, नियम आले.

मात्र या काळात जंगलाची जात बदलत होती. चीड म्हणजे सरळसोट वाढणारा डोंगरी पाइन. रेल्वेच्या स्लीपरना त्याचे लाकूड उपयोगी पडू लागले आणि खोडातून निघणाऱ्या लीशापासून, म्हणजे राळेपासून, टर्पेंटाइन बनू लागले. चीड सरकारच्या कामाचे आणि बांज, म्हणजे डोंगरी ओक, गावाच्या: जनावरांना पाला, चुलीला लाकूड, झऱ्याला पाणी. पैसा कोणत्या झाडात होता हे सांगायला नकोच. आज उत्तराखंडात चिडाचे पट्टे सुमारे चार लाख हेक्टरांवर आहेत. चिडाची साल जाड असल्याने जमिनीलगतची आग मोठ्या झाडाला सहसा मारत नाही, उलट जळालेल्या उघड्या मातीत त्याचे बी चांगले रुजते. लीशासाठी बुंध्यावर घेतलेली जखम मात्र पेट घेते आणि तिथून झाड उभेच्या उभे जळून कोसळते. पेटलेली फळे उतारावरून लोळत जातात आणि आग रस्ता ओलांडते. नैनीतालच्या त्या वस्तीचे नावच ‘पाइन्स’ असावे, यात गंमत कमी आणि पत्ता जास्त आहे.

आता १९८१. दर वणव्यानंतर वाद या वर्षाशी येऊन ठेपतो, म्हणून इथे थोडे थांबावे लागेल. त्या वर्षी तेव्हाच्या उत्तर प्रदेश सरकारने समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या वर हिरव्या झाडांची व्यापारी तोड थांबवली. चिपको आंदोलनाचा हा मोठा विजय मानला गेला. पण आंदोलन सुरू झाले तेव्हाची मागणी वेगळी होती. १९७३मध्ये चमोलीत वाद पेटला तो अंगूच्या झाडांवरून. शेतीची अवजारे करायला स्थानिक सहकारी संस्थेने ही झाडे मागितली, ती मिळाली नाहीत आणि खेळाचे साहित्य बनवणाऱ्या, मैदानी प्रदेशातल्या कंपनीला मात्र दिली गेली. म्हणजे ‘तोडू नका’ एवढेच लोकांचे म्हणणे नव्हते, ‘कोण तोडणार आणि कोणासाठी’ हा प्रश्न होता. आठ वर्षांनी उत्तर आले ते ‘कोणीच नाही’ असे. मधल्या काळात, १९८०मध्ये, वनसंरक्षण कायदा आला होता. त्यात गावचे रस्ते आणि पाण्याच्या योजनाही अडकू लागल्या. १९८०च्या दशकाच्या शेवटी याच डोंगरात ‘पेड काटो’ आंदोलन झाले, हे चिपकोच्या गौरवलेखांत सहसा सापडत नाही.

हजारच मीटर का? जंगल असे आकड्यावर थांबत नाही. चीड साधारण नऊशे मीटरपासून अठराशे-दोन हजारांपर्यंत वाढते, म्हणजे त्याचा जवळपास सगळा पट्टा रेघेच्या वर येतो. भीमताल वर, नैनीताल तर खूपच वर. बंदी उठवावी असे म्हणणाऱ्यांचा मुद्दा इथूनच सुरू होतो. विरळणी थांबली, चीड दाटले, बांजाच्या जागेत घुसले. जुन्या जाळरेषांवरही झाडे उभी राहिली आणि जाळरेषा नुसत्या नकाशात उरल्या. (आपल्या वनखात्याचा ‘जाळरेषा’ हा शब्द इथे चपखल बसतो: आग अडवायला मुद्दाम जाळून मोकळा ठेवलेला पट्टा.) यातला जाळरेषांचा मुद्दा मान्य करावाच लागतो. आग अडवायच्या पट्ट्यावर वाढलेल्या झाडाला जंगलाच्या झाडाइतकेच संरक्षण देणे हा कागदी हट्ट आहे.

बाकीचा युक्तिवाद तितका भक्कम नाही. चिडाचा पसारा बंदीच्या कितीतरी आधीचा आहे. स्लीपर आणि लीसा यांनी तो वाढवला आणि चाऱ्यासाठी वारंवार छाटलेल्या बांजाने जागा सोडली. रेघेच्या खाली, जिथे ही बंदी नाही, तिथली जंगलेही दर उन्हाळ्यात जळतात. शिवाय आग पसरते ती खोडांवरून नव्हे, जमिनीवरच्या पिरूलवरून. पिरूल म्हणजे चिडाच्या वाळक्या सुया. झाडे कमी केली तरी खाली ऊन पोहोचून उरलेल्या सुया लवकर वाळतात, आणि मोकळ्या जागी उगवते ते पुन्हा चीडच. बंदी उठवण्याच्या बाजूने बोलणाऱ्यांच्या मागे लाकडाचा हिशेब दिसतो. तो चुकीचा आहे असे नाही, पण तो वणव्याचा उपाय म्हणून मांडला जातो, याला आक्षेप आहे.

पिरूलचे काय होत असे? गोठ्यात अंथरला जाई आणि नंतर खत होऊन शेतात पडे. गावे ओस पडत गेली, गुरे कमी झाली, तसा पिरूल जंगलातच साचू लागला. अकरा हजारांहून अधिक वनपंचायती कागदावर आहेत, पण आग विझवायला धावून जाणारी पोरे देहरादून नाहीतर दिल्लीत. १९२१मध्ये लोकांनी राग म्हणून जंगल पेटवले होते. शंभर वर्षांनी जंगल आपले आहे ही भावनाच पातळ झाली, आणि आगीला ते जास्त सोयीचे ठरले.

२०१६मध्ये राज्यात सुमारे ४,४०० हेक्टर जंगल जळाले तेव्हाही भीमतालातून हेलिकॉप्टरने पाणी उचलले होते. त्यानंतरच्या आठ वर्षांत काय उभे राहिले, हे २०२४मध्ये दिसले. त्या वर्षीचा जानेवारी डोंगरात जवळजवळ कोरडा गेला होता, हिमवर्षाव तुटपुंजा होता. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम ठरलेला असतो, तरी त्याच दिवसांत वनकर्मचारी लोकसभेच्या निवडणूक कामावर होते, आणि न्यायालयाने त्यावरून राज्याला फटकारले. कृत्रिम पावसावर किंवा आभाळातल्या पावसावर भिस्त ठेवणे हा उपाय नव्हे, हेही तिथेच ऐकावे लागले. प्रत्यक्षात मे महिन्यात आगी आटोक्यात आल्या त्या बऱ्याच अंशी पावसाने.

दरम्यान पिरूल किलोला ५० रुपयांनी विकत घेण्याची योजना जाहीर झाली. आधीचा भाव दोन-तीन रुपये होता, तेवढ्यासाठी उतारावरून ओझे कोण आणणार? भाव वाढवणे हा या सगळ्यातला सर्वांत शहाणा निर्णय म्हणता येईल. पण गोळा करायला हात हवेत, आणि ते डोंगर सोडून गेलेले आहेत.

नैनीतालला आगीपेक्षा दरडीची भीती जुनी आहे. १८८०च्या सप्टेंबरमध्ये एका दरडीने १५१ माणसे घेतली होती. तेव्हापासून या गावातले लोक उताराकडे घाबरूनच बघतात. पालापाचोळा जळालेल्या उतारावर पहिला जोराचा पाऊस माती घेऊन निघतो, तो खाली तलावाकडे आणि रस्त्यावर येतो. म्हणून इथला वणवा जून लागला की संपत नाही.

मेमधल्या पावसानंतर बातम्या थांबल्या. १३ जूनला अल्मोडा जिल्ह्यातल्या बिनसर अभयारण्यात आग विझवायला गेलेले चार वनकर्मी जागीच जळून गेले, आणखी चार जण भाजले. बिनसर ओळखले जाते ते बांज आणि बुरांशाच्या (ऱ्होडोडेंड्रॉनच्या) जंगलासाठी, आणि ते हजार मीटरच्या रेघेपेक्षा कितीतरी वर आहे.