नक्षीदार पातं घेण्याआधी : आमच्या ग्राहकांसाठी माहिती

सुरी, विळी किंवा अडकित्ता घ्यायला आलेले बहुतेक जण आमच्या काचेच्या कपाटासमोर थांबतात आणि पात्यावरच्या लाटांकडे बोट दाखवून विचारतात, "ही नक्षी कोरलीय की छापलीय?" ती पोलादाच्या अंगातच असते, आम्ही ती वर आणतो. ती कशी येते, तिचे जास्तीचे पैसे कशाचे, आणि बाजारात 'दमास्कस' या नावाखाली मिळणाऱ्या मालातला खरा कोणता, हे काउंटरवर उभ्या उभ्या सांगून होत नाही. म्हणून हे पत्रक काढलं आहे. ऑर्डर देण्याआधी सावकाश वाचा.

थप्पीपासून पात्यापर्यंत

दोन जातींचं पोलाद लागतं. एक १०८४ किंवा १०९५ या नंबरांनी ओळखलं जाणारं, ज्यात कार्बन साधारण ०.८ ते १ टक्का असतो. दुसरं १५एन२०, ज्यात कार्बन पाऊण टक्का आणि निकेल सुमारे २ टक्के. लाकडाच्या वखारीतल्या पट्टा-करवतींना हे दुसरं पोलाद वापरतात. दोन्हींच्या पट्ट्या घासून लख्ख करायच्या, एकाआड एक रचायच्या, टोकांना वेल्डिंगचा टाका मारायचा आणि धरायला एक सळई जोडायची. ही झाली थप्पी.

थप्पी भट्टीत लाल झाली की तिच्यावर सवागी, म्हणजे बोरॅक्स, भुरभुरतो. सवागी वितळून फटींत उतरते, तिथला पापुद्रा विरघळवते आणि हवेला आत येऊ देत नाही. मग आच वाढवायची. पोलाद १२०० अंशांच्या पुढे जाऊन पिवळंधमक दिसू लागलं की थप्पी पॉवर हॅमरखाली घ्यायची. पहिले ठोके हलकेच द्यायचे, नाहीतर थर जागचे सरकतात. थर एकजीव झाले की नाही हे बघायला कारागीर थप्पी बाहेर धरून थोडी निवू देतो. जिथे सांधा धरलेला नसतो तिथला वरचा थर आधी निवतो आणि त्या जागी काळसर सावली उमटते. अशी सावली दिसली की थप्पी परत भट्टीत. तीन-चारदा करूनही सांधा धरला नाही तर आम्ही ती थप्पी भंगारात टाकतो. आत फट राहिलेलं पातं बाहेरून कितीही सुंदर दिसलं तरी ते गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं नाही, हा आमच्याकडचा नियम आहे.

११ थरांची थप्पी लांब ठोकून तिचे चार तुकडे केले आणि एकावर एक ठेवून पुन्हा जोडले की ४४ थर होतात. पुन्हा तेच केलं की १७६. स्वयंपाकाच्या सुरीला आम्ही इथेच थांबतो. हजारो थरांची जाहिरात तुम्ही पाहिली असेल. तेवढे थर करता येतात, पण रेघा इतक्या बारीक होतात की डोळ्यांना पातं एकसारखं करडं दिसतं.

नक्षी नेमकी इथून पुढे ठरते. चिरोटे करताना साठा लावलेली गुंडाळी आपण कशी कापतो आणि कुठल्या बाजूने लाटतो यावर पदर कसे दिसणार ते ठरतं, तसंच हे आहे. थर आडवे ठेवून नुसते ठोकले तर पाण्यावरच्या तरंगांसारखी मोकळी नक्षी येते. ती आमची सगळ्यात स्वस्त, आणि माझ्या मते रोजच्या सुरीला सगळ्यात शोभणारी. पट्टीच्या दोन्ही बाजूंना आडव्या खाचा पाडून ती पुन्हा सपाट ठोकली की 'शिडी' उमटते. खाचांऐवजी ड्रिलने उथळ खळगे पाडले की गोल गोल 'थेंब' येतात. तापलेली चौकोनी पट्टी शिकंजात धरून पिळली की 'पीळ'. पिळाची गंमत अशी की वरून थोडंच घासलं तर तिरप्या रेघा दिसतात आणि मध्यापर्यंत घासत गेलं तर चांदण्या उमलतात. म्हणून पिळाची दोन पाती हुबेहूब सारखी करून देता येत नाहीत. जोडी हवी असेल तर शिडी घ्या.

पाणी देणं

घडलेल्या पात्याची धार किती टिकणार ते या कामावर ठरतं, आणि नेमकं हेच गिऱ्हाइकाला दिसत नाही. पातं तापत असताना ७७० अंशांच्या सुमारास त्याला चुंबक चिकटेनासं होतं. त्याच्या थोडं वर, ८०० ते ८१५ अंशांना, ते बाहेर काढून कोमट तेलात बुडवायचं. या वेळी ते इतकं कडक होतं की फरशीवर पडलं तर टवका उडेल. म्हणून लगेच २०० अंशांच्या ओव्हनमध्ये दोन तास ठेवायचं, निववायचं आणि पुन्हा दोन तास. स्वयंपाकाच्या सुरीला रॉकवेल मापावर ५८ ते ६० कडकपणा आम्ही धरतो आणि बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत मशीनवर तपासून घेतो. बिलावर तो आकडा लिहिलेला असतो. नसेल तर मागून घ्या.

नक्षीच्या पात्यात कडक आणि मऊ थर आलटून-पालटून असतात, म्हणून ते साध्या पात्यापेक्षा भारी कापतं, असं बरेच विक्रेते सांगतात. हे खरं नाही. भट्टीतल्या त्या तापात कार्बन एका थरातून दुसऱ्यात पसरतो आणि सगळीकडे जवळपास सारखा होतो. निकेल मात्र सहजासहजी हलत नाही, म्हणून रेघा शाबूत राहतात. तेव्हा चांगलं पाणी दिलेली साधी १०८४ ची सुरी आणि तीच काळजी घेऊन केलेली नक्षीची सुरी, कांदा दोन्हींनी सारखाच चिरला जाईल. नक्षीचे पैसे तुम्ही देता ते रूपासाठी आणि हातांच्या कामासाठी. एवढं समजून घेतलंत तर आमच्याकडून मनापासून घ्या. फक्त धार हवी असेल तर साधी सुरी घ्या, आम्हाला तेवढाच आनंद आहे.

चिकोडी, अथणीकडून उसाच्या कोयत्याला नक्षी मागणारेही येतात. त्यांना आम्ही नाहीच म्हणतो. कोयत्याला गाडीच्या पाट्याचं पोलाद उत्तम, मार खातं आणि बांधावरच्या दगडावर घासलं तरी धार येते.

नक्षी वर कशी येते

पाणी दिलेलं पातं ६०० नंबरच्या पॉलिश पेपरपर्यंत घासलं की ते कोऱ्या आरशासारखं होतं, नक्षीचा मागमूस नाही. मग ते फेरिक क्लोराइडच्या पातळ द्रावात सोडतो. इलेक्ट्रॉनिक्सवाले सर्किट बोर्डाचं तांबं खायला वापरतात तेच हे. पाच-दहा मिनिटांत साधं पोलाद काळवंडतं, निकेलचं उजळ राहतं. बाहेर काढून हलकं पुसायचं, पुन्हा बुडवायचं, असं तीन-चार वेळा. शेवटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात धुतलं नाही तर द्राव आतून खातच राहतो आणि दोन दिवसांत गंज धरतो. नखाने आडवं ओढून बघा, खाल्ल्या गेलेल्या रेघा नखाला लागतात.

नावही याच रीतीने घालतो. पात्यावर चिकटपट्टीचा साचा लावून मराठी, कन्नड किंवा मोडीत अक्षरं उठवून देतो. मोडीसाठी मजकूर तुम्ही जाणकाराकडून लिहून आणा, आम्ही तो जसाच्या तसा उतरवू.

छापील नक्षी ओळखताना

लेझरने किंवा आम्लाने एकाच जातीच्या पोलादावर वरवर रेघा उठवलेल्या सुऱ्या आता सगळीकडे मिळतात. दिसायला वाईट नसतात, फक्त त्यांना थरांचं पोलाद म्हणून विकू नये. पात्याची पाठ डोळ्यांसमोर धरा. खऱ्या पात्यात थरांच्या रेघा पाठीवर लांबच लांब गेलेल्या दिसतात, छापील पात्याची पाठ कोरी असते. एकाच नमुन्याच्या दोन सुऱ्या शेजारी ठेवा, लाट न् लाट जुळली तर ते छापकाम. आणि पक्की खूण हवी असेल तर कोपऱ्यात थोडंसं घासून त्यावर द्रावाचा थेंब टाका. थरांची नक्षी परत येते. आमच्या कुठल्याही पात्यावर ही परीक्षा तुमच्यासमोर करून दाखवू.

घरातली जुनी तलवार

खंडेनवमी जवळ आली की लोक पूजेतली आजोबा-पणजोबांची तलवार घेऊन येतात आणि "हिची नक्षी बाहेर काढून द्या" म्हणतात. इथे कृपया थांबा.

जुन्या तलवारींवरची खरी पाणीदार नक्षी आमच्या थरांच्या नक्षीहून अगदी वेगळी. दक्षिणेत, म्हैसूरच्या मुलखात, सेलमकडे आणि तेलंगणात कोनासमुद्रमला, लोखंड आणि झाडपाला मातीच्या मुशीत बंद करून वितळवत. त्यातून सुमारे दीड टक्का कार्बनची पोलादाची ढेप निघे. हेच उक्कू पोलाद. फ्रान्सिस बुकानन १८००-०१ मध्ये म्हैसूर भागात फिरला तेव्हा त्याने हे काम पाहून लिहून ठेवलं, आणि पुढे मायकेल फॅरडेनेही या पोलादावर प्रयोग केले. या ढेपेत जोडलेले थर नसतात. बेताच्या आचेवर पुन्हा पुन्हा ठोकताना कार्बाइडचे, म्हणजे लोखंड-कार्बनच्या संयुगाचे, कण ओळीने बसतात आणि त्यांच्याच रेघा दिसतात. धातुशास्त्रज्ञ व्हेरहोवेन आणि लोहार पेंड्रे यांनी १९९८ मध्ये दाखवून दिलं की मूळ लोखंडातल्या अत्यल्प व्हॅनेडियमसारख्या धातूंचा त्यात मोठा वाटा आहे. आम्ही उक्कू करत नाही. आमच्या मालाला त्या नावाने विकतही नाही.

अशी तलवार बफिंगला लावली की वरची नक्षी जाते, आणि ग्राइंडरच्या उष्णतेने पाण्याचीही वाट लागते. उलट, अनेक मराठा फिरंगी तलवारींची आणि दांडपट्ट्यांची पाती युरोपातून आलेली होती. त्यांच्यात पाणीदार नक्षी मुळात नाही, कितीही आम्ल लावलं तरी येणार नाही. म्हणून आम्ही परजेजवळ, म्हणजे मुठीच्या बाजूला, नखाएवढ्या जागेवर बघतो आणि मगच काय ते सांगतो. तोवर घरी एवढंच करा: हलकं मशीन ऑइल लावून दोन दिवस ठेवा आणि सुती कापडाने पुसा. मुठीवर सोन्या-चांदीची तार बसवलेली असेल, म्हणजे कोफ्तगारी असेल, तर चिंच आणि भांडी घासायची पावडर तिच्या आसपासही नेऊ नका. ती तार बारीक ओरखड्यांत ठोकून अडकवलेली असते, घासली की निघून येते.

रोजची काळजी

ही पाती स्टेनलेस नाहीत. लिंबू, कोकम, टोमॅटो चिरल्यावर लगेच धुऊन कोरडी करा. खानापूर, जांबोटी, कणकुंबीच्या बाजूला पावसाळ्यात भिंतींनाही ओल येते, तिथे पात्याला खोबरेल तेलाचा हात देऊन कपड्यात गुंडाळून ठेवा. चामड्याच्या म्यानात महिनोन् महिने ठेवू नका, चामडं ओल धरतं. तारेची घासणी वर्ज्य. धार पाणी टाकून दगडावर लावा. फिरत्या चाकावर धार निळी पडली की तेवढा भाग मऊ झाला असं समजा. नक्षी फिकी पडली तर आणून द्या, आमच्या पात्यांना पुन्हा द्राव देण्याचे पैसे आम्ही घेत नाही.

ऑर्डर आणि कायदा

१९५९ च्या शस्त्र कायद्याखालच्या नियमांत तलवार, कट्यार आणि घरगुती, शेतीच्या किंवा कारखान्याच्या वापराची नसलेली ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पाती धारदार शस्त्रांत मोडतात. त्यामुळे परवान्याची कागदपत्रं पाहिल्याशिवाय तलवारीची ऑर्डर आम्ही घेत नाही, शिवजयंतीच्या मिरवणुकीसाठी असली तरी. आधी आपल्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यात विचारून या. स्वयंपाकाच्या सुऱ्या, विळ्या, अडकित्ते यांना ही अडचण नाही.

नक्षीच्या सुरीला साधारण तीन आठवडे धरा, दसऱ्याच्या आधी जास्त. मुठीला शिसवी आमच्याकडे असते. घरच्या जुन्या तुळईचं किंवा दाराचं लाकूड वापरायचं असेल तर वीतभर तुकडा आणा, तो पूर्ण वाळलेला असावा. निम्मी रक्कम ऑर्डर देताना, बाकीची पातं हातात घेऊन, पाठ बघून आणि कागद कापून झाल्यावर.