दोनशे क्लब (वारसा रेल्वे)

ब्रिटनमधल्या वारसा रेल्वे, म्हणजे जतन करून चालवलेले जुने रेल्वेमार्ग, सांभाळणाऱ्या संस्था आपल्या सभासदांपुरती जी सोडत चालवतात, तिचे हे रूढ नाव. सभासद ठरावीक वर्गणी भरतो आणि त्याच्या नावावर एक क्रमांक लागतो. सोडतीत तो निघाला तर रोख बक्षीस, न निघाला तर पैसे रेल्वेच्या कामी लागले, एवढाच व्यवहार. ‘शंभर’ किंवा ‘दोनशे’ हा आकडा क्रमांकांच्या संख्येवरून येतो. तिथली क्रिकेट मंडळे आणि चर्चही अशा सोडती काढतात.

वेल्समधील टॅलिलिन ही स्वयंसेवकांनी वाचवून चालवलेली जगातली पहिली रेल्वे. तिच्यासाठी ११ ऑक्टोबर १९५० रोजी बर्मिंगहॅममध्ये सभा भरली आणि १४ मे १९५१ रोजी स्वयंसेवकांची पहिली गाडी सुटली. ससेक्समधील ब्लूबेल रेल्वे ७ ऑगस्ट १९६० रोजी सुरू झाली. पुढे तोट्यातले मार्ग बंद करण्याची शिफारस करणाऱ्या १९६३ च्या बीचिंग अहवालानंतर हजारो मैलांचे मार्ग बंद पडले आणि अशा संस्थांना कामाची वाण राहिली नाही. वाण होती ती पैशाची, आणि ती आजही आहे. वाफेच्या इंजिनाचा बॉयलर साधारण दर दहा वर्षांनी उतरवून, उघडून तपासावा लागतो. संपूर्ण दुरुस्तीचा खर्च लाखो पौंडांत जाऊ शकतो. इंजिनासाठी देणगीदार तरी मिळतात. रुळांखालचे कुजलेले स्लीपर, तुंबलेली गटारे किंवा गळके छप्पर यांच्यासाठी कोण उत्साहाने चेक फाडणार? क्लबची खरी किंमत इथे कळते: रक्कम लहान, पण दरमहा येणारी.

समजा २०० जणांनी महिन्याला १ पौंड दिला, तर वर्षाला २,४०० पौंड जमतात. निम्मे बक्षिसांना आणि निम्मे रेल्वेला, अशी वाटणी केली तर रेल्वेला १,२०० पौंड उरतात. नाताळची सोडत अनेकदा मोठ्या बक्षिसाची असते. वर्गणी बँकेतून आपोआप वळती होत असल्याने वसुलीची कटकट नाही. निम्मेच पैसे बक्षिसात परत येणार असतील, तर जुगार म्हणून हा सौदा आतबट्ट्याचाच. पण या क्लबात कोणी श्रीमंत व्हायला येत नाही.

कायद्याच्या लेखी मात्र ही लॉटरीच. २००५ च्या ब्रिटिश जुगार कायद्यानुसार तिकिटे फक्त संस्थेचे सभासद आणि संस्थेच्या आवारातील व्यक्तींना विकली, तर परवाना लागत नाही. त्या बदल्यात तिकीट दुसऱ्याच्या नावे करता येत नाही, सर्वांना एकच दर लावावा लागतो आणि आवाराबाहेर जाहिरातीला मनाई असते. बाहेरच्यांना तिकिटे विकायची तर छोटी लॉटरी म्हणून स्थानिक प्रशासनाकडे नोंदणी करावी लागते. तेव्हा किमान २० टक्के रक्कम संस्थेच्या उद्दिष्टासाठी ठेवणे बंधनकारक असते. आणखी एक गोम आहे. धर्मादाय संस्थेला मिळालेल्या देणगीवर सरकार ‘गिफ्ट एड’खाली पौंडामागे २५ पेन्सची भर घालते, पण सोडतीची वर्गणी देणगी धरली जात नसल्याने तिच्यावर ती मिळत नाही. म्हणजे निव्वळ हिशेबाने पाहिले तर सरळ देणगीच रेल्वेच्या अधिक फायद्याची!

मराठी वाचकाला इथे भिशी आठवेल. पण भिशीत प्रत्येकाची रक्कम कधी ना कधी त्याच्याकडे फिरून येते, इथे येत नाही. भारतात बक्षीस चिटींवर, म्हणजे वर्गणी गोळा करून सोडतीने बक्षीस देणाऱ्या योजनांवर, १९७८ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे, आणि नेरळ–माथेरानची छोटी गाडी तर स्वयंसेवकांची संस्था नव्हे, मध्य रेल्वेच चालवते.