वाघाला विचारायचं कसं?

राणीची बाग दर बुधवारी बंद असते. सहल घेऊन येणाऱ्या शिक्षकांना हे पाठ असतं, कारण एकदा तरी कोणीतरी बसभर मुलं घेऊन बंद दरवाजावरून परत फिरलेलं असतं. आठवड्यातला एक दिवस प्रेक्षकांना आत घ्यायचं नाही, हा देशातल्या सगळ्या प्राणीसंग्रहालयांना लागू असलेला नियम आहे. ही सुटी आपल्याला नाही, आपल्यापासून आहे. १ जानेवारी २०२३ या एका दिवसात या बागेत ३० हजारांहून जास्त माणसं येऊन गेली, हे लक्षात घेतलं तर त्या सुटीची किंमत कळते.

बागेचं पुढे काय करायचं, हा वाद मुंबईला नवा नाही. एखादा प्राणी दगावतो, एखादा व्हिडिओ फिरतो, की 'बंद करा ते पिंजरे' असा आवाज उठतो. लगेच दुसरीकडून विचारलं जातं, की मग ताडोब्याची जिप्सी ज्यांना परवडत नाही त्यांच्या मुलांनी वाघ बघायचा कुठे? मधूनच वादाला भलतं वळण लागतं. पेंग्विनच्या पिल्लांना मराठी नावं द्या, अशीही मागणी होऊन गेली. या सगळ्यात प्रत्येक जण प्राण्याच्या वतीने बोलत असतो. प्राण्याला स्वतःला काय वाटतं हे शोधण्याच्या रीती मात्र जीवशास्त्राने गेल्या साठेक वर्षांत बऱ्यापैकी तयार केल्या आहेत, आणि नेमक्या त्याच या वादात क्वचित डोकावतात.

ही बाग १८६२ सालची. मुळात वनस्पतिउद्यान. गोरखचिंच, कैलासपती, उर्वशी असे दुर्मीळ वृक्ष इथे आहेत आणि जाणकार आजही आधी झाडं बघायला येतात. पन्नास-एक एकरांच्या या जागेत प्राणी आले ते त्या काळच्या पद्धतीने, म्हणजे तिकिटांच्या अल्बममध्ये प्रत्येक देशाचं एकेक तिकीट असावं तसे. सिंह एक, अस्वल एक, माकडांचे प्रकार चार. बघणाऱ्याला सगळं जवळून दिसलं की झालं. १९०७ मध्ये हॅम्बुर्गजवळ कार्ल हागेनबेक या प्राण्यांच्या व्यापाऱ्याने गज काढून खंदक आणले आणि जगभर त्याची नक्कल झाली. मला त्यात एक गंमत वाटते. खंदकामुळे फरक पडला तो मुख्यतः आपल्या डोळ्यांना. सिंह मोकळा दिसायला लागला. त्याच्या दिवसभराच्या दिनक्रमात काही बदल झाला की नाही, हे कोणी तपासलंच नव्हतं. आजच्या मोठमोठ्या काचांबद्दलही हाच प्रश्न विचारता येईल.

प्राण्यांच्या कल्याणाचे मापदंड जन्माला आले ते प्राणीसंग्रहालयात नव्हे, कोंबड्यांच्या आणि डुकरांच्या शेडमध्ये. ब्रिटनच्या ब्रॅम्बेल समितीने १९६५ मध्ये सांगितलं, की पाळलेल्या जनावराला निदान उभं राहता, बसता, वळता, अंग चाटून स्वच्छ करता आणि हातपाय ताणता यायला हवेत. इतकी साधी मागणी होती ती! त्यातूनच १९७९ मध्ये 'पाच स्वातंत्र्यां'ची यादी आली: भूक-तहान नको, गैरसोय नको, आजार-दुखापत नको, भीती आणि ताण नको, आणि स्वाभाविक वागण्याची मुभा हवी. पहिल्या चार गोष्टी 'नको'च्या आहेत. पोट भरलेलं, रोग नाही, मारझोड नाही, तरीही आयुष्य कंटाळवाणं, ही शक्यता त्यात निसटते. म्हणून १९९४ मध्ये न्यूझीलंडचे डेव्हिड मेलर आणि त्यांच्या सहकाऱ्याने आहार, परिसर, आरोग्य आणि वर्तन या चौघांच्या जोडीला पाचवी चौकट मांडली. ती प्राण्याच्या मनःस्थितीची.

भारतात केंद्रीय प्राणीसंग्रहालय प्राधिकरण १९९२ पासून आहे. २००९ च्या नियमांत कोणत्या प्राण्याला किमान किती जागा हवी याचा तक्ताच आहे. वाघाच्या जोडीला उघडी जागा किमान १००० चौरस मीटर, म्हणजे पाव एकर. आता हा आकडा टिपेश्वरच्या त्या वाघाशेजारी ठेवून बघा. यवतमाळच्या जंगलातून २०१९ मध्ये निघालेला हा तरुण नर शेतं, नाले, महामार्ग ओलांडत ३००० किलोमीटरहून जास्त भटकला आणि बुलढाण्याच्या ज्ञानगंगेत जाऊन स्थिरावला. गळ्यातल्या रेडिओ कॉलरमुळे त्याचा रस्ता कळला.

पण एवढ्यावरून 'जागा कमी, म्हणून वाघ दुःखी' असं म्हणून मोकळं होता येत नाही. जंगलातला वाघ भटकतो तो हद्दीसाठी, भक्ष्यासाठी, जोडीदारासाठी. ते सगळं आयतं मिळालं तर त्याला चालायची गरज उरते का? रॉस क्लब आणि जॉर्जिया मेसन या प्राणिवर्तनाच्या दोघी अभ्यासकांनी २००३ मध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत याचं उत्तर दिलं. वेगवेगळ्या मांसाहारी प्राण्यांची निसर्गातली हद्द किती आणि बंदिवासात ते कसे राहतात, हे त्यांनी ताडून पाहिलं. ज्या जातींची हद्द मोठी, त्यांच्यात निरर्थक येरझाऱ्या जास्त आणि पिल्लं दगावण्याचं प्रमाणही जास्त. ध्रुवीय अस्वल सगळ्यात वाईट. त्याला मिळणारा पिंजरा त्याच्या किमान हद्दीच्या सुमारे दहा लाखावा भाग असतो. दोघींनी सरळ सुचवलं, की अशा जाती एकतर नीट ठेवा किंवा ठेवूच नका.

येरझाऱ्या म्हणजे नेमकं काय, ते एकदा उभं राहून बघण्यासारखं आहे. बिबट्या भिंतीच्या कडेने निघतो. कोपऱ्यावर ठरलेल्या जागी मान झटकतो, वळतो, परत येतो. पाऊल जवळपास तिथेच पडतं. गवतात तेवढीच एक पट्टी झिजून माती उघडी पडलेली असते. कडेची मंडळी म्हणतात, 'बघ, कसा ऐटीत फिरतोय!' शास्त्रज्ञ याला साचेबद्ध वर्तन म्हणतात. हत्ती एका जागी उभा राहून डुलतो, अस्वल डोकं हलवत राहतं, तोही हाच प्रकार.

इथे एक अडचण आहे आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. येरझाऱ्या घालणारा प्राणी आज त्रासात असेलच असं नाही. काही वेळा ती जुनी जखम असते. लहानपणी आईपासून तोडलेला, सर्कशीत वाढलेला प्राणी चांगल्या जागी आणला तरी सवय सुटत नाही. आणि एखाद्या वाईट पिंजऱ्यातला दुसरा प्राणी, जो फिरतही नाही, नुसता पडून असतो, त्याची अवस्था त्याहून वाईट असू शकते. तो आपल्याला शांत वाटतो, म्हणून त्याचा व्हिडिओ कोणी काढत नाही.

मग विचारायचं कसं? एक रीत म्हणजे प्राण्याला किंमत मोजायला लावायची. मिंक हा पाणमांजराच्या कुळातला, फरसाठी पाळला जाणारा प्राणी. २००१ मध्ये मेसन आणि सहकाऱ्यांनी मिंकना वेगवेगळ्या खोल्या दिल्या. एकीत खेळणी, एकीत उंच बसायची जागा, एकीत पोहायचं पाणी वगैरे. प्रत्येक खोलीच्या दारावर वजन लावलं आणि ते वाढवत नेलं. सगळ्यात जड दार मिंकनी ढकललं ते पोहण्यासाठी. पाण्याची खोली एक दिवस बंद ठेवली, तर त्यांच्या शरीरातलं ताणाचं संप्रेरक, कॉर्टिसोल, उपाशी ठेवल्यावर वाढतं तितकं वाढलं. हे मिंक पिंजऱ्यातच जन्मले होते. तरीही पाणी त्यांच्यासाठी चैन नव्हती.

याहून जुना एक प्रयोग आहे, १९६३ चा. ग्लेन जेन्सनने उंदरांसमोर खाण्याची वाटी आयती ठेवली, आणि शेजारी दांडा दाबला की तेच खाणं पडेल अशी सोयही केली. बऱ्याच उंदरांनी वाटी सोडून दांडा दाबला. फुकटचं नको, कमावलेलं हवं. प्राणीसंग्रहालयांत ज्याला एनरिचमेंट म्हणतात त्याच्या मुळाशी हेच आहे. मांस समोर टाकण्याऐवजी झाडाला टांगायचं, अस्वलाला मध ओंडक्याच्या भोकात द्यायचा, वाघाच्या आवारात दुसऱ्या प्राण्याचा वास सोडायचा. खर्च फारसा नाही, पण रोज वेगळं काहीतरी सुचावं लागतं, आणि ते सुचायला प्राणी सांभाळणारा कीपर हवा. भारतातल्या प्राणीसंग्रहालयांतल्या वाघ-बिबट्यांवरचा एक अभ्यास २०१७ मध्ये आला. जागेच्या आकाराबरोबर झाडं, दगड, पाण्याचं कुंड यांचा, आणि कीपर प्राण्याशी कसा वागतो याचाही, साचेबद्ध वर्तनाशी संबंध दिसला. तक्त्यातल्या चौरस मीटरमध्ये कीपर कुठेच नसतो.

दुसरी रीत म्हणजे विष्ठा. रक्त काढायला प्राण्याला पकडावं लागतं आणि पकडण्यानेच ताण वाढतो, म्हणून सकाळची ताजी विष्ठा गोळा करायची, गोठवायची, वाळवायची आणि त्यातून कॉर्टिसोलचे अवशेष मोजायचे. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेची लॅकोन्स ही प्रयोगशाळा अशी कामं करते. एका आवारात चार प्राणी असले तर कोणाची विष्ठा कोणती? त्यावरचा तोडगा मला फार आवडतो: एकेकाच्या खाण्यात वेगवेगळ्या रंगाची निरुपद्रवी चमकी मिसळायची. सकाळी शेणात निळं चमकलं की ही थोरली, लाल चमकलं की धाकटी. अर्थात कॉर्टिसोल माजावर आल्यावर किंवा नुसत्या उत्साहानेही वाढतं, त्यामुळे एका आकड्यावर निकाल देता येत नाही. महिनोन्महिन्यांचा आलेख लागतो.

आता ज्याच्यावर सगळ्यात जास्त बोललं गेलं तो पेंग्विन. २०१६ मध्ये सोलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन आले, त्याच ऑक्टोबरात एक जिवाणूसंसर्गाने मेला. मग शहरभर 'मुंबईच्या उकाड्यात बर्फातले पक्षी' म्हणून ओरड झाली. खरं तर हम्बोल्ट पेंग्विन बर्फातला नाहीच. पेरू आणि चिलीच्या कोरड्या किनाऱ्यावर तो राहतो, समुद्र तेवढा थंड असतो. मुंबईत त्यांना १६ ते १८ अंशांत ठेवतात, आणि २०२१ पासून त्यांची पिल्लंही जगू लागली. यावर बाजू घेणारे म्हणतात, 'बघा, पिल्लं झाली म्हणजे आनंदातच आहेत.' हा युक्तिवाद मला पटत नाही. कोंबड्या दाटीवाटीने कोंबलेल्या 'बॅटरी' पिंजऱ्यातही अंडी भरपूर मिळतात. पिल्लं होणं ही किमान अट झाली. पण विरोधकांचा बर्फाचा मुद्दाही चुकीचाच होता. विचारायला हवं होतं ते असं: पोहायला खोली किती, गर्दीच्या दिवशी पक्षी काचेकडे येतात की मागे सरतात, वीज गेली तर किती तासांची सोय आहे?

बंद करणं हाही पर्याय तपासून बघू. इस्लामाबादच्या उच्च न्यायालयाने २०२० मध्ये तिथलं मरगझार प्राणीसंग्रहालय रिकामं करायला लावलं. १९८५ मध्ये श्रीलंकेने भेट दिलेला, जोडीदारीण २०१२ मध्ये मेल्यावर एकटा पडलेला कावन हत्ती २०२० च्या अखेरीस विमानाने कंबोडियाला गेला. त्याची बातमी जगभर झाली. त्याआधी जुलैत काय झालं ते कमी जणांना आठवतं. हलवण्यासाठी सिंहांना बाहेर काढायचं म्हणून माणसांनी गुहेत गवत पेटवलं आणि दोन सिंह मेले. प्राणी हलवणं हे महिनोन्महिने चालणारं कौशल्याचं काम आहे. पेटी आवारात ठेवायची, त्यात खाऊ द्यायचा, तो आपणहून आत-बाहेर करू लागला की एक दिवस दार लावायचं. महाराष्ट्राला याचा अनुभव आहेच, पुण्याच्या पेशवे पार्कातले प्राणी टप्प्याटप्प्याने कात्रजला गेले. पण कात्रजसारखी मोठी जागा प्रत्येक शहराबाहेर तयार नसते.

म्हणून मला बाग बंद करण्यापेक्षा यादी छाटणं जास्त पटतं. अमेरिकेतल्या डेट्रॉइटने २००५ मध्ये आपले दोन्ही हत्ती अभयारण्यात धाडले आणि बाकी संग्रहालय चालू ठेवलं. हत्तींबद्दल तर शंकेला जागाच उरलेली नाही. २००८ मध्ये 'सायन्स'मध्ये आलेल्या अभ्यासात युरोपातल्या प्राणीसंग्रहालयांतल्या आशियाई हत्तिणींचं मध्यम आयुर्मान १८.९ वर्षं निघालं, तर म्यानमारमध्ये लाकूड ओढणाऱ्या हत्तिणींचं ४१.७. ओझी वाहणारी हत्तीण दुपटीने जगते! आपल्या प्राधिकरणानेही २००९ मध्ये हत्ती संग्रहालयांतून हलवायला सांगितले, तरी राणीच्या बागेत हत्तिणी पुढे कितीतरी वर्षं होत्या. त्या आवारात ठेवायला हरकत नाही असा हत्ती एकच, घारापुरीहून आणलेला दगडी.

वाघ, अस्वल, मोठे भटके मांसाहारी यांचीही पाळी त्यामागोमाग यावी. झाडं तोडून त्यांच्यासाठी आवारं वाढवणं ही या बागेला परवडणारी गोष्ट नाही, तिथला दीडशे वर्षांचा वृक्ष परत आणता येत नाही. त्याउलट कासवं, सरडे, साप, बेडूक, लहान मांजरवर्गीय, पाणपक्षी यांना एवढ्या जागेत खरोखर भरगच्च दिवस देता येतो. पोरं वाघासाठीच येतात हे खरं, पण पाणमांजर मासा पकडताना दिसलं तर तीच पोरं तिथून हलत नाहीत.

आहेत त्या वाघांना कुठे हाकलायची गरज नाही. नवी पैदास थांबवायची आणि आहेत त्यांना त्यांच्या म्हातारपणापर्यंत उत्तम सांभाळायचं, एवढंच. शक्ती आणि करिश्मा ही जोडी फेब्रुवारी २०२० मध्ये औरंगाबादच्या सिद्धार्थ उद्यानातून आली आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये वीरा जन्मली, तेव्हा शहराने पेढे वाटल्यासारखा आनंद केला. बंदिवासातला वाघ पंधरा ते वीस वर्षं जगतो. आज एखाद्या वाघिणीला जोडीदार आणायचं ठरलं, तर त्यांच्या पिल्लांसाठी कीपर, मांस, डॉक्टर आणि पाव एकर जागा २०४५ पर्यंत राखून ठेवावी लागेल.